माहेरचं पाणी

पणजीत आमच्या इमारतीला तीन दिवस पाणी नव्हतं. मुख्य जलवाहिनी फुटली होती. खाली रस्त्यावर टँकर उभा राहायचा आणि आम्ही बादल्या घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढायचो. इमारतीचा राखणदार नेपाळचा, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातला. त्याने पाण्याचा कॅन पाठीवर घेतला, कपाळावरून एक रुंद पट्टा ओढला आणि दोन्ही हात मोकळे ठेवून सरळ जिना चढून गेला. खाली आल्यावर मी विचारलं, सवय आहे वाटतं? तो हिंदीत सांगायला लागला, की गावी आई रोज अशीच पाणी आणते, जाऊन-येऊन दीड तास. आणि मध्येच आपल्या भाषेत म्हणाला, "गाउँको मूल सुक्यो, दिदी."

मला वाटलं, याच्या घरी कुणी लेकरू आजारी आहे. मूल सुकलं, असंच माझ्या कानांनी ऐकलं. मग कळलं, नेपाळीत मूल म्हणजे झऱ्याचा उगम. पण ते पहिलं ऐकणं मनातून गेलं नाही.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरीची. घरामागे कुळागर, कुळागराच्या माथ्याला झर, झरीतून निघालेला पाट पोफळींच्या मुळांतून फिरत खाली जातो. लहानपणी पाणी ही मोजायची वस्तू आहे असं कधी वाटलंच नाही. डिचोलीकडच्या मावशीच्या गावी मात्र लोखंडाची खाण खोल खोल जात गेली, खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून ओढ्यात सोडत राहिले, आणि तिच्या परसातली विहीर एका मे महिन्यात कोरडी पडली. मावशी विहिरीच्या काठावर हात टेकून आत बघत उभी होती ते मला अजून दिसतं. पुढे मी परिसंस्थांचा अभ्यास करायला लागले. बांबर गावच्या निरंकार देवाच्या रायीत, त्या दलदलीतल्या रान-जायफळाच्या झाडांखाली वह्या भरल्या. त्यामागे मावशीची विहीर होती असं आज वाटतं.

तर राखणदाराच्या गावी जायचं ठरलं. आम्ही पाच जण: मी, माझे दोन विद्यार्थी, एक परिचारिका मैत्रीण आणि केरीचाच एक गवंडी. संस्था वगैरे काही नव्हती. ज्याने त्याने आपला प्रवासखर्च करायचा आणि ओळखीपाळखीच्यांनी दिलेल्या पैशांतून लागेल ते सामान काठमांडूत घ्यायचं, एवढंच. बातमी पसरली तशी लोक जुने कपडे घेऊन यायला लागले. मी सगळ्यांना नम्रपणे परत पाठवलं. कपड्यांची पोती डोंगरात नेण्याच्या खर्चात तिथे सिमेंट येतं, आणि लोकांना काय हवं आहे हे त्यांना विचारण्याआधी गाठोडं बांधणं मला पटत नाही. एका काकींनी मात्र सोलांची पुडी हातात कोंबली, ती घेतली.

२०२३च्या एप्रिलअखेर निघालो. वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून विमानाने काठमांडू. उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं आणि पाट्या वाचायला लागलो. सगळी देवनागरी. परदेशात आलो आहोत हे विसरायला होतं. दिनदर्शिकेवर मात्र वैशाख २०८० होता. धुलिखेलवरून अरनिको महामार्गाने दोलालघाटला उतरलो, जिथे इंद्रावती सुनकोशीला मिळते, आणि तिथून जीपने वर. गाव साधारण सतराशे मीटर उंचीवर, सेहेचाळीस घरांचं, बहुतेक तामाङ लोकांचं. २५ एप्रिल २०१५च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात हा जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. गावात आता घरं नवी, लहान, पत्र्याची आहेत. पण भूकंपाने जमिनीखाली काय हललं ते पत्र्याने झाकत नाही. काही झरे त्या वर्षी आटले, काही खालच्या उतारावर भलतीकडेच फुटले. म्हातारी माणसं सांगतात, त्याआधीही पाणी कमी होत चाललंच होतं.

गावात तरुण पुरुष फारसे दिसले नाहीत. ते आखातात, मलेशियात, आणि हो, आमच्या गोव्यात. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये आपल्याला जेवण वाढणाऱ्या मुलांच्या आया इथे डोको, म्हणजे विणलेली मोठी टोपली, पाठीला लावून गवत आणत होत्या. राखणदाराच्या आईला मी पहिल्याच दिवसापासून आमा म्हणू लागले. त्यांनी पहिल्या रात्री कोदोचा ढिँडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि गुन्द्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं कालवण वाढलं. कोदो म्हणजे आपली नाचणी. मी दुसऱ्या दिवशी सोलं भिजवून फुटी कढी केली. आमांनी एक घोट घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, लप्सीसारखं आहे. लप्सी हे तिथलं आंबट फळ. त्यानंतर चुलीपाशी माझी जागा ठरून गेली.

पहिलं काम मोजण्याचं. धारा म्हणजे झऱ्याचं पाणी जिथे धारेने पडतं ती जागा. धाऱ्याखाली वीस लिटरची बादली ठेवायची आणि घड्याळ लावायचं. सात मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला तीन लिटरही नाही, दिवसाला साधारण चार हजार शंभर. सेहेचाळीस घरांना वाटलं तर घरटी नव्वद लिटरच्या आत-बाहेर, तेही रात्रभर पडणारा थेंबन् थेंब साठला तर. तो साठत नव्हता. धाऱ्याखालच्या टाकीला भूकंपात उभी भेग गेली होती आणि रात्रीचं पाणी तिच्यातून निघून जायचं. बायका पहाटे तीनला रांग लावायच्या. आमच्या गवंड्याने टाकीत उतरून भेगेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, बाय, हे चार दिवसांचं काम. गावातल्या दोन मिस्त्र्यांबरोबर त्याने भेग कोरून मोठी केली, भरली, आतून गिलावा केला, आठवडाभर ओला ठेवला. त्याला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना त्याची. थापी सगळ्यांची सारखीच. टाकी भरायला लागली तशी पहाटेची रांग सहावर आली. त्या उन्हाळ्यात आमच्या हातून जे खरोखर उपयोगी काम झालं ते हे, आणि ते माझ्या विषयातलं नव्हतं.

माझ्या विषयातलं चुकलं.

आमच्याकडे झर सापडली की तिचं पोट कुठे आहे ते डोळ्यांनी दिसतं. वर जांभ्याचा सडा असतो, जाळीदार, पाऊस पिणारा. पाणी जांभ्यातून खाली उतरतं, चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी बाहेर येतं. झरीच्या वर सडा, एवढं माहीत असलं की पुरतं. मी हेच डोक्यात घेऊन गेले होते. धाऱ्याच्या बरोबर वरचा उतार पाहिला. तिथे पाइनची लागवड होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून या भागात उघड्या डोंगरांवर पाइन मोठ्या प्रमाणावर लावले गेले. गावकऱ्यांचा त्याच्यावर राग आहे. सल्ल्याने, म्हणजे पाइनने, पाणी पिऊन टाकलं, असं ते म्हणतात. खाली सुया पडलेल्या, दुसरं काही उगवत नाही. मला आपल्या सड्यांवर लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया आठवला. ठरवलं, इथेच समपातळीत चर खणायचे, पाऊस अडवायचा, आणि पाइनच्या मधून उत्तिस, चिलाउने, कटुस अशी इथलीच झाडं लावायची.

गाव कामाला आलं. तिथे पर्म म्हणतात. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. आमच्या केरीत वायंगण भात लावण्याआधी ओढ्याला मातीचा बांध घालायला घरटी एक माणूस जायचा, तेच. मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी स्वतःही कोदालो घेतला. पहाटे वरच्या रानातून कोकीळकुळातला एक पक्षी चार सुरांत ओरडायचा आणि पोरं त्याच्याबरोबर ओरडायची, "काफल पाक्यो!" काफळं पिकली. आपला पावश्या 'पेरते व्हा' म्हणतो, हा फळं पिकल्याची वर्दी देतो. खरंच काफळं पिकली होती. पोरं ओंजळी भरून आणून द्यायची. नऊ दिवस आम्ही खणलं. मला वाटत होतं, इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही.

नवव्या संध्याकाळी चुलीपाशी आमांना विचारलं, तुमच्या लग्नाच्या वेळी धाऱ्याला पाणी कसं होतं? त्यांनी मनगट दाखवलं, एवढी धार. आणि मग सहज म्हणाल्या, भञ्ज्याङपलीकडच्या आहालात म्हशी जास्त लोळल्या, की दोन-तीन दिवसांनी आपला धारा गढूळ व्हायचा. सासू ओरडायची, तुझ्या माइतीच्या म्हशींनी आमचं पाणी घाण केलं.

मी वाटी खाली ठेवली. भञ्ज्याङ म्हणजे खिंड, आहाल म्हणजे म्हशींचं डबकं. ते खिंडीच्या पलीकडच्या उतारावर, दुसऱ्या गावाच्या हद्दीत. माइती म्हणजे माहेर. भूजल अभ्यासक पाण्यात रंग टाकून ते कुठे निघतं ते पाहतात. इथे तो प्रयोग म्हशींनी पिढ्यान् पिढ्या केला होता, आणि त्याची नोंद एका सासुरवाशिणीच्या डोक्यात होती.

सकाळी मी खिंडीत गेले. नवा रस्ता डोझरने कापून काढला होता, त्यामुळे डोंगराचं पोट उघडं पडलं होतं. फिलाइट आणि शिस्ट, पातळ पातळ थरांचे खडक. पत्रावळींची चळत एका बाजूला कलती करून ठेवावी तसे ते थर पलीकडून अलीकडे, आमच्या गावाकडे उतरत होते. म्हणजे पलीकडच्या उतारावर मुरलेलं पाणी थरांच्या फटींतून खिंडीखालून येऊन इकडे धाऱ्याला लागत होतं. आम्ही जिथे नऊ दिवस खणलं तिथलं पाणी थरांच्या कडेने भलत्याच घळीत जाणार होतं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता मोजली. धाऱ्याचा आकडा आमच्या चरांजवळच्या लहान पाझरापेक्षा बराच जास्त निघाला. म्हणजे धाऱ्याच्या पाण्याने खडकात जास्त काळ काढला होता.

पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेच्या भूजल अभ्यासकांनी काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय विकास केंद्राबरोबर हिमालयातल्या झऱ्यांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत पायरीपायरीने लिहून काढली आहे, २०१८ची पुस्तिका. ती माझ्या पिशवीत होती. तीत खोदकाम अगदी नंतर येतं. आधी झरे मोजा, लोकांशी बोला, खडक पाहा. मी झाडांची माणूस म्हणून खडकाचं पान उलटून पुढे गेले होते.

आमांना विचारलं, आम्ही चुकीच्या जागी खणतोय हे दिसत असताना तुम्ही बोलला का नाही? त्या म्हणाल्या, "पढेलेखेको मान्छे, के भन्नु?" शिकलेल्या माणसाला काय सांगायचं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस माणसांची नऊ दिवसांची मेहनत, मकईच्या पेरणीच्या दिवसांत दिलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना धाऱ्यापाशी बोलावून मी चूक सांगितली आणि माफी मागितली. कुणी रागावलं नाही, आणि तेच जास्त जड गेलं. एक म्हातारे दाजू, म्हणजे दादा, म्हणाले, खणलेली माती वाया जात नाही, तिथे अम्रिसो लावू. अम्रिसो म्हणजे केरसुणीचं गवत. पाला गुरांना, तुऱ्यांचे झाडू बाजारात. चरांच्या बांधांवर त्यांनी ते लावलंसुद्धा.

खरी अडचण पुढे होती. पलीकडचं रान दुसऱ्या गावाचं सामुदायिक वन. नेपाळात १९९३च्या वन कायद्याने गावांच्या उपभोक्ता समूहांना रान सांभाळायचे आणि वापरायचे हक्क दिले. देशभर असे बावीस हजारांहून जास्त समूह आहेत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, गोव्यात राहून तर जास्तच. पण हक्क खरा असतो तेव्हा नकारही खरा असतो. तुमच्या धाऱ्यासाठी आमच्या रानात खड्डे का? हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो योग्यच होता.

बैठक त्यांच्या चौतारीवर झाली. वड-पिंपळाखालचा दगडी पार, ओझं टेकवायला पायरी ठेवलेला. आधी त्यांच्या बायका बोलल्या. आम्ही तिथे गवत कापतो, चर असले तर डोको घेऊन उतरताना पाय मोडेल. मग रस्त्याबद्दल बोलणं झालं. डोझरने काढलेली माती त्या जुन्या आहालात लोटली होती, ते बुजलं होतं, आणि म्हशीही आता फार कुणाकडे राहिल्या नव्हत्या. मी नकाशा दाखवला, थरांचं चित्र काढून दाखवलं. माना हलल्या, पण त्या सौजन्याने. आमच्या बाजूचा कुणी तरी पैशांचं बोलला आणि हवा बिघडली.

तेव्हा आमा उठल्या. तामाङ भाषेत बोलल्या, शाळेचे मास्तर मला हळूच सांगत होते. त्या म्हणाल्या, या गावची मी चेली, माहेरवाशीण. पन्नास वर्षं त्या गावात पाणी पितेय, आणि या गोव्याच्या बहिणीने दाखवलं की ते माझ्या माइतीचं आहे. त्यांनी बोट करून एकेकीला उभं केलं. आमच्या गावातून आलेल्या बायकांमध्ये सतरा जणी त्याच गावच्या लेकी निघाल्या. चेलीला पाणी द्यायला माइती पैसे घेतं का?

पाराच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. तो त्यांचा धाकटा भाऊ होता, हे मला नंतर कळलं.

तरी कागद झालाच, आणि व्हायलाच हवा होता. दोन्ही समूहांच्या वह्यांत बैठकीची नोंद झाली. गवताच्या पायवाटा सोडायच्या. चरांच्या कडेला अम्रिसो लावायचा आणि तो पलीकडच्या गावाने कापायचा. आहाल साफ करून द्यायचं म्हणजे त्यांच्या गुरांनाही पाणी. जूनचा पहिला पाऊस यायच्या आत दोन्ही गावांनी मिळून डबकं उपसलं आणि त्याच्या वर साठ चर खणले, प्रत्येक दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि तेवढाच खोल. एका भरण्यात एका चरात पाचशे लिटर, सगळ्यांत मिळून तीस हजार. वर्षाचा सुमारे ऐंशी टक्के पाऊस तिथे जून ते सप्टेंबरात पडतो. चर किती वेळा भरतील आणि त्यातलं किती खाली पोचेल, हे खडक ठरवणार.

परिचारिका मैत्रिणीने तपासणीचं मोठं काम केलं, त्यावर तिनेच लिहायला हवं. मुलांनी रोपवाटिका घातली. आणि मी आमांच्या नातीला बादली-घड्याळाचं काम शिकवलं. ती नववीत, अक्षर सुरेख. दर संक्रांतीला, म्हणजे त्यांच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, धारा मोजायचा आणि वहीत लिहायचं.

परत येताना आमांनी सुकवलेल्या लप्सीची पुडी दिली. धाऱ्यावर नागाची पूजा करायला नेलं. उगमात नाग राहतो, तिथे कुणी घाण करायची नाही, चप्पल घालून जायचं नाही. मी माझ्या गावच्या रायीत वाकते तशी वाकले.

नातीचे आकडे फोनवर येत राहिले. पावसात बादली मिनिटाच्या आत भरायची, त्याला अर्थ नाही. खरी परीक्षा उन्हाळ्याची. २०२४च्या चैत्रात आकडा आला, पाच मिनिटं दहा सेकंद. आदल्या वर्षी सात होते. माझ्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात पेढे वाटले. मी नातीला कळवलं, आनंद कर पण वही बंद करू नकोस, निदान तीन उन्हाळे पाहायचे. तिने लिहिलं, आमा म्हणते तुम्ही नेहमी असंच बोलता. आणि खाली विचारलं, तुमच्या घरामागच्या झरीची बादली किती वेळात भरते?

मला सांगता आलं नाही. जन्मभर जिचं पाणी प्याले ती झर मी कधी मोजलीच नव्हती. त्या रविवारी केरीला गेले. आईने बादली धरली, मी घड्याळ. एक मिनिट पन्नास सेकंद. आई म्हणाली, पूर्वी एवढा वेळ लागत नसे, तुझ्या वडिलांचं तोंड धुऊन होईपर्यंत भरायची. आता दर संक्रांतीला दोन आकडे निघतात, एक तिकडून, एक इकडून.

गेल्या महिन्यात नातीने विचारलं, तुमच्या झरीचं माइती कुठे आहे? वरचा सडा, असं लिहायला घेतलं आणि थांबले. एवढ्याच उत्तरावर मी तिथे नऊ दिवस खणलं होतं. सड्यावर हल्ली चुन्याने आखलेल्या रेघा दिसतात, कोपऱ्याकोपऱ्याला रंगवलेले दगड पुरलेले आहेत. येत्या रविवारी आम्ही वर जाणार आहोत. मी होकायंत्र घेईन. आई येते म्हणाली, लहानपणी ती तिथे गुरं राखायची आणि पावसाळ्यात पाणी कुठे साठून राहायचं ते तिला माहीत आहे.